लक्ष्मीअव्वाचा उजवा हात

५ जानेवारी

मी सांगते, कल्पना लिहिते. कल्पना माझी सून. मला अक्षर येत नाही हे पहिल्याच ओळीत आलेलं बरं, म्हणजे पुढं शुद्धलेखनाला नावं ठेवायची तर तिला ठेवा. वही तिनंच आणली, पीण्या वसाहतीतल्या तिच्या कारखान्यातून. तिथं ती मालाचं कोठार सांभाळते. म्हणाली, "आत्या, आपल्या घरात कुठली वस्तू कुठं असते ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?" स्वच्छ बोलते माझी सून. मी म्हटलं, "पसारा करायचा, दुसरं काय." पण सांगून ठेवणार आहे.

तर बेंगळुरूत शिवाजीनगरच्या बाजारामागं आमचं घर. पुढच्या खोलीत लाकूडकाम, मधे स्वयंपाक, मागं न्हाणी आणि चार हात परस. माझे यजमान देवाप्पा सुतार इथं देवांच्या मूर्ती आणि प्रभावळी कोरायचे. आता मुलगा योगीराज कोरतो. कोरणारा माणूस मान वर करत नाही. हत्यार हातातून सुटलं की जिथं पडेल ती त्याची जागा. मी या घरात आले तेव्हा यजमानांची सकाळ पटाशी शोधण्यात जायची आणि दुपार मला बोल लावण्यात. एके दिवशी मी सगळी हत्यारं भिंतीला टांगली आणि प्रत्येकाभोवती कोळशानं रेघ ओढली. हत्यार उचललं की भिंतीवर त्याची रिकामी आकृती उरते. ती दिसली की ओरडायचं, गोल पटाशी कुणी नेली. पुढं स्वयंपाकघरातही तेच केलं. झारा, किसणी, पाट, सगळ्यांना रेघ. कल्पना तिच्या कोठारात डब्यांना चिठ्ठ्या लावते. चिठ्ठी वाचावी लागते. माझी भिंत नुसती बघावी लागते.

खाली तीन टोपल्या. पहिलीत कामाला येणारे तुकडे. दुसरीत चुलीचे, म्हणजे न्हाणीतल्या हंड्याखाली जायचे. सगळ्या गल्लीत गिझर आले, आमच्याकडं लाकूड फुकट. तिसरीत देवकामाच्या ढलप्या. त्यांना पाय लावायचा नाही, झाडू लावायचा नाही, योगीराज श्रीरंगपट्टणला जातो तेव्हा नदीत सोडतो. कुठलं लाकूड कुठल्या टोपलीत ते मी ठरवते. टोपलीत पडलं की विषय संपला. योगीराज पूर्वी विचारायचा, "आई, हा चांगला तुकडा चुलीत का गं?" आता विचारत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला, पण शिकला.

९ जानेवारी

आमच्या मूळ गावाहून, देवरमाळहून, आप्पाजी आले. बेळगावच्या पलीकडं आहे गाव. आप्पाजी तिथल्या देवळाचे पंच. रात्रभर बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"खाली नाही ठेवलीत?" मी विचारलं.

"कशी ठेवू अक्का?"

"आणि मधे उतरावं लागलं तेव्हा?"

"शेजारच्या माणसाकडं दिली. आत काय आहे ते सांगितलं. मी परत येईपर्यंत तो बिचारा उभा राहिला होता, पिशवी कपाळाशी धरून."

पिशवीत आमच्या ग्रामदेवीचा, लक्ष्मीअव्वाचा, उजवा हात. कोपरापासून बोटांपर्यंत. फणसाचं लाकूड, किड्यांनी भोकं पाडलेलं, करंगळी अर्धी. जत्रा अकरा वर्षांनी भरते, यंदा एप्रिलच्या अखेरीला आहे. योगीराजनं त्याच्यावरून नवा हात कोरायचा. मग दोन्ही हात सुतानं एकत्र बांधून दिवसभर दिव्यापाशी ठेवायचे, म्हणजे जुन्यातलं जे काय असेल ते नव्यात उतरतं. मग जुना नदीला.

"जुना हात नसेल तर नवा म्हणजे नुसतं लाकूड, हे ध्यानात ठेवा," आप्पाजी म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं. मी देवाप्पा सुताराची बायको. मी म्हटलं, "आप्पाजी, या घरात सुई हरवत नाही."

हिरव्या खणात गुंडाळलेला हात तसाच सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. कल्पनाला सुट्टी होती. तिनं माझ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, खिळे, सरस, कानस, कानडीतही आणि मराठीतही. ती अंघोळीला गेल्यावर मी काढल्या. खाली गोंद राहिला तो चुलीच्या राखेनं घासला. राखेसारखं काही नाही. हत्यारांचा गंजसुद्धा मी राखेनंच काढते.

ती म्हणाली, "आमच्याकडं चुकीच्या डब्यात चुकीचा नट दिसला तर साधा हमालसुद्धा मला येऊन विचारतो."

मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्याकडं चुकीच्या डब्यात नट असतो."

१८ जानेवारी

सांगते, पण हळू लिही. माझी जीभ चालत नाही.

काल सकाळी मी फळ्या पुसल्या. वरच्या फळीवर पिवळी भुकटी पडलेली, खणातून गळलेली. किड्यांची. देवीच्या वस्तूवर मळका खण, आणि तो माझ्या घरात. मी खण सोडला आणि भिजत घातला. हात उन्हात ठेवायचा म्हणून परसात नेला. परसात चुलीची टोपली ऊन खात होती, तिच्यावर ठेवला. घडीभरच. मग सिलिंडरवाला आला. मग कढी उतू गेली. संध्याकाळी मी टोपल्या आत घेतल्या, रोज घेते तशा. खण वाळला होता. त्याची घडी घातली. घडी इतकी नेमकी बसली की मी तिच्यावरून दोनदा हात फिरवला आणि ती वरच्या फळीवर ठेवली.

खणात होता तोवर तो लक्ष्मीअव्वाचा हात होता. खण काढल्यावर माझ्या डोळ्याला ते किडकं लाकूड दिसलं असणार. दुसरं काय सांगू.

आज दुपारी योगीराजनं वर चाचपलं आणि त्याच्या हातात रिकामा खण आला. "आई, हात कुठाय?"

माझे पाय आधी न्हाणीकडं गेले. चुलीत राख होती. ती चाळणीनं चाळली. एक खिळा निघाला, हाताच्या मनगटाशी होता तो.

सकाळी मीच म्हटलं होतं, "कल्पना, आज काय सुरेख तापलंय गं पाणी." तिघांनी अंघोळ केली. त्या पाण्यानं मी माझी दुखरी पाठ शेकली. लक्ष्मीअव्वाच्या हातावर तापलेलं पाणी, आणि मी आणखी एक तांब्या मागून घेतला.

योगीराज उंबऱ्यावर बसला तो बसलाच. नव्या हाताचं माप त्याच्याकडं आहे, नवा निम्मा कोरूनही झालाय. पण जुन्याशिवाय तो नुसतं लाकूड.

कल्पना कारखान्यातून आली तेव्हा तिला सांगितलं. खांद्यावरची पिशवी न काढता ती उभी राहिली. "सकाळी चूल मी पेटवली," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तू रोजच पेटवतेस. टोपलीत मी टाकलं ते तू घातलंस, तुझा त्यात काय दोष.

इथं तिनं पेन ठेवलं. भाजी करपते म्हणून आत गेली. आज भाजी केलेलीच नाही. दुपारचं पिठलं आहे.

२१ जानेवारी

त्या दिवसापासून मी गार पाण्यानं अंघोळ करते. बेंगळुरूची थंडी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची पाठ, दोघींची चांगली गाठ पडलीय. संध्याकाळचं जेवण सोडलं. कुणी सांगितलं नाही. एवढं तरी असावं म्हणून.

आज आणखी एक आठवलं. त्या सकाळची निम्मी राख मी हत्यारं घासायला वापरली होती. कल्पना म्हणाली, "मग देवी हत्यारांत गेली म्हणायचं, आत्या." मी म्हटलं, "त्याच राखेनं मी तांब्या घासला, कढीचं पातेलं घासलं. आता पातेल्याला हळदकुंकू वाहू?" समजूत काढायला आली होती बिचारी. पण अशी सोपी समजूत मला चालत नाही.

उरलेली राख आणि खिळा डब्यात घातला. डबा हातात घेऊन घरभर फिरले. कुठं ठेवायचा ते कळेना. या घरात आल्यापासून मला एखाद्या वस्तूची जागा सुचली नाही असं पहिल्यांदा झालं. रात्री उशाशी घेऊन झोपते.

३० जानेवारी

गार पाणी. संध्याकाळी जेवण नाही. बाकी सगळं जागेवर.

६ फेब्रुवारी

ताप आला. डॉक्टर आला, कानडीत रागावला, गोळ्या देऊन गेला. मी म्हटलं, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत म्हणे. मग दोन घास खाल्ले. तेवढेच.

योगीराजला म्हटलं, आप्पाजींना फोन लाव, मी सांगते. तो म्हणाला, "थांब गं. जळाला कशावरून? खिळा काय, कुठल्याही फळीचा असेल. शोधू." मी म्हटलं, "काय शोधतोस? माझ्या घरात काय कुठं आहे ते मला माहीत नाही?" तो माझ्याकडं बघेना.

तो आता बघतच नाही. खोलीचं दार लावून काम करतो. या दाराला आजवर कडी लागलेली मी पाहिली नव्हती. आईनं घराला काळिमा लावला, तिचं तोंड बघायची त्याला शरम वाटत असेल. बरोबर आहे त्याचं. कल्पना संध्याकाळी आली की तीही आत जाते. मला वाटतं दोघं माझ्याबद्दल बोलतात.

घरही हाताबाहेर चाललंय. चहापत्तीचा डबा आठ दिवसांत रिकामा झाला. काल पातेलंभर कोरा चहा काळा होईस्तोवर उकळला, पण प्यायलं कुणी नाही. कल्पनाच्या शिवणाच्या तीन जाड सुया टोकं जळालेल्या सापडल्या. स्वयंपाकघरात तिनं कारखान्याचं भलंमोठं कॅलेंडर लावलं, मला न विचारता. बोलायला आता तोंड कुठंय.

"हेही लिहू?" कल्पना विचारते. लिही की. सुया तुझ्या आहेत म्हणून गाळू नकोस.

१७ फेब्रुवारी

हात सापडला.

माळ्यावर, सागाच्या फळ्यांच्या मागं. योगीराजनं हाक मारली आणि मी ताप विसरून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले होते. त्यानं खाली आणून माझ्या ओंजळीत ठेवला. तीच अर्धी करंगळी. तीच किड्यांची भोकं. मला रडूच फुटलं. खूप वर्षांनी रडले, रडायचं कसं ते विसरले होते, उचकीच लागली.

"म्हणजे मी जाळलं ते काय होतं?"

"असेल काहीतरी," योगीराज म्हणाला. "फणसाचं एखादं ढलपं."

"आणि हा माळ्यावर गेला कसा?"

"तूच ठेवला असशील, आई. विसरलीस."

मी विसरले. बघा, हा धक्का वेगळाच. हात जाळला नाही याचा आनंद, आणि मी हात माळ्यावर ठेवून विसरले याची लाज. माळा मी तीनदा बघितला होता. पण असू दे. लाज परवडली.

हात थोडा हलका लागला. मी म्हटलं, मी उपास केले आणि वाळला हा. पिवळी भुकटीही गळत नाही. किडे मेले असतील, फळ्यांमागं हवा नाही. खणात नीट गुंडाळला. तीस दिवसांनी कढत पाण्यानं अंघोळ केली आणि संध्याकाळी भाकरी खाल्ली. दुसरी वाढ म्हटल्यावर योगीराज भाकरी न वाढताच माझ्याकडं बघत राहिला, आणि मग उठून हात धुवायला गेला.

३ मार्च

कॅलेंडरचं पान उलटलं नव्हतं. फेब्रुवारीच्या चित्रातले घोडे अजून तसेच उधळत होते. मी कॅलेंडर उचलून काढलं. मागं भिंतीवर रेघ होती, आणि रेघेच्या आत काही नव्हतं.

माझा लग्नातला पाट. देवरमाळच्या आमच्या परसातला फणस पाडून वडिलांनी केला होता. चार बोटं जाड, एकसंध. त्याच्यावर बसून मी मुंडावळ्या बांधल्या. वापरत नाही आता कुणी, म्हणून वर टांगलेला.

मी त्या आकृतीकडं बघत उभी राहिले. जुना फणस, हातासारखाच. पातेलंभर काळा चहा, लाकडाला रंग चढवणारा. जळालेल्या सुया, किड्यांच्या भोकांएवढ्या. दाराची कडी. एकेक येऊन जागेवर बसत गेलं. अडाणी आहे मी, पण मूर्ख नाही. मग इतके दिवस काय झालं होतं मला?

योगीराजला बोलावलं. भिंतीकडं बोट केलं. त्यानं मान खाली घातली.

"देवीला फसवायला निघालास?"

"देवीला कुठं फसवलं, आई. तुला फसवलं. तू जेवत नव्हतीस."

"माझ्या पाटाचा देव केलास."

"दुसरं इतकं जुनं लाकूड घरात नव्हतं."

कल्पनाला विचारलं, "हे सगळं तूच लिहिलंस ना? चहा, सुया, कॅलेंडर?"

"तुम्ही सांगितलं तसं लिहिलं."

"एक शब्द गाळला नाहीस?"

"नाही."

मी माझ्या मुलाला आणि सुनेला पुरतं ओळखते असं म्हणत होते.

आता काय करायचं? योगीराज म्हणतो, बोलू नकोस. आप्पाजींना कळलं तर देवरमाळचं काम जाईल, आणि देवरमाळच्या तोंडून सगळ्या पट्ट्यातलं जाईल. देवकाम म्हणजे विश्वासावरचं काम, एकदा नाव गेलं की यजमानांचीही मागची पन्नास वर्षं गेली. तो हात जोडून बोलत होता. माझा मुलगा, मला हात जोडून. मी म्हटलं, बरं. नाही बोलत. आधी हात जाळला, आता जीभ जाळते.

१२ मार्च

आप्पाजी पहाटे आले. नवा हात त्यांना दाखवला. बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच तसा झालाय, बोटं आत्ता मिटतील अशी. मग जुना आणि नवा, म्हणजे माझा पाट आणि नवा, सुतानं बांधून दिव्यापाशी ठेवले. दिवसभर आप्पाजी समोर बसून राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ऐंशीचा माणूस, माझ्या पाटासमोर उपाशी. मी स्वयंपाकघरातून ये-जा करत होते आणि दर खेपेला नजर चुकवत होते.

पाच वाजता त्यांनी सूत सोडलं. म्हणाले, "जुना हात सुताराच्या घरच्या मोठ्या बाईनं गुंडाळायचा असतो. या अक्का."

मी खण हातात घेतला. इस्त्री केल्यासारखा खण. तो हाताखाली सारला, एक पदर वर घेतला, आणि पुढं माझी बोटं हलेनात.

"आप्पाजी, हा लक्ष्मीअव्वाचा हात नव्हे. हा माझा पाट आहे. लक्ष्मीअव्वाचा मी जाळला."

"आई," योगीराज म्हणाला.

आप्पाजींनी विचारलं, "कशात?"

"न्हाणीच्या चुलीत."

"मुद्दाम?"

"नाही. आवरताना."

"आवरताना," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, अगदी हळू, "आवरताना." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. असा उघड्या डोक्याचा मी त्यांना कधी पाहिला नव्हता. एकदम म्हातारे दिसले.

फोन घेऊन ते गल्लीत गेले. अर्धा तास कानडीत, मराठीत, मधेच नुसतं ऐकत उभे होते. आत आले ते बसले नाहीत.

"नवा हात आम्ही नेत नाही. देवी यंदा एका हाताची बसेल. जत्रेला दहा गावं येतील आणि प्रत्येक जण विचारेल, हात कुठं गेला. पंच म्हणतात, त्याचं उत्तर आम्ही कुणी देणार नाही. अक्का, तुम्ही द्यायचं. पाच दिवस देवीशेजारी उभं राहायचं. बसायचं नाही. जो विचारेल त्याला सांगायचं."

"मी उभा राहतो," योगीराज म्हणाला. "सुतार मी आहे."

"तू खोटा हात केलास बाबा. तुझं कोण खरं धरेल?"

आप्पाजी हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. राखेचा डबा मी उशाशी ठेवला होता तो त्यांना दिला. तो दोन्ही हातांनी कपाळाला लावून पिशवीत घातला आणि ते गेले. चहा घेतला नाही.

मी योगीराजची समजूत काढली नाही. तो नवा हात मांडीवर घेऊन बसला होता.

२९ एप्रिल, देवरमाळ

जत्रा आज संपली. गावातल्या शाळेत आम्हाला खोली दिलीय, तिथं बसून सांगतेय. पायांचे खांब झालेत.

लक्ष्मीअव्वाला उजव्या खांद्यावरून पदर घेतला होता. तरी दिसतच होतं, पदराखाली काही नाही ते. मी त्याच बाजूला उभी. लोक ओटी भरायचे, वर बघायचे, दचकायचे, आणि मग मला विचारायचे. मी सांगायची, "मी जाळला." पहिल्या दिवशी एक बाई माझ्या पायाशी थुंकली. एक म्हातारा म्हणाला, या वयात मरण का येत नाही तुला. मी म्हटलं, "रांगेत आहे की." तो हसला नाही. मीही गंमत म्हणून म्हटलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवसापासून काय होऊ लागलं ते मला अजून खरं वाटत नाही. बायका विचारायच्या, मी सांगायची, आणि त्या पुढं जायच्या नाहीत. कानाशी येऊन आपलं सांगायच्या. एक म्हणाली, "मी सासूची कवळी बंबात टाकली. बारा वर्षं झाली, ती अजून शोधते." एकीनं नवऱ्याची सगळी पत्रं रद्दीत दिली होती, तो सैन्यातून परतला नाही त्याच्या आधीच्या महिन्यात. एकीनं काहीच सांगितलं नाही, नुसतं माझं मनगट धरलं आणि मागची माणसं ओरडेस्तोवर सोडलं नाही. मला वाटत होतं एवढं भयंकर मीच केलंय. दहा गावांच्या बायका आवरताना काय काय घालवून बसल्या आहेत, आणि कुणी कुणाला बोललेलं नाही.

चौथ्या दिवशी आप्पाजींनी योगीराजला निरोप दिला. नवा हात जपून ठेव, पुढच्या जत्रेआधी पंच बसतील, तेव्हा बघू. होय नाही, नाहीही नाही. योगीराजनं निरोप दोनदा म्हणवून घेतला.

आज दुपारी रांगेत कल्पना दिसली. रजा काढून आली होती. मला वाटलं पाणी घेऊन आली. पण ती रांग सोडून पुढं आली नाही. उन्हात तासभर उभी राहिली, ओटी भरली आणि माझ्यासमोर आली.

"हाताचं काय झालं, आत्या?"

"चेष्टा करू नकोस. मागं माणसं आहेत."

"जो विचारेल त्याला सांगायचं ठरलंय."

"मी जाळला."

"चूल मी पेटवली होती," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाकूड चुलीत निम्मं गेल्यावर मला बोटं दिसली. चार बोटं आणि अर्धी करंगळी. पेटली नव्हती अजून. मी आत सारली."

"दिसली तर विचारलं का नाहीस?"

"तुमच्या टोपलीतलं होतं."

मला बसायचं होतं. बसायची परवानगी नव्हती. बावीस वर्षं ही माझ्या घरात आहे. कारखान्यात हमालाला विचारायला लावते. आणि माझ्या घरात हिला जळत्या चुलीत देवीची बोटं दिसली, आणि हिनं विचारलं नाही. तीन महिने माझ्यासमोर बसून माझं सगळं लिहून घेतलं. मी म्हणायची माझं घर बघा, कसं चालतं. मग त्या सकाळी तिच्या घशातून एक शब्द का निघाला नाही? मी तिच्याकडं बघत राहिले. तीही खाली बघेना.

मागं रांग थांबली होती. कुणीतरी म्हणालं, चला हो पुढं. कल्पना गेली नाही. मी एक पाऊल सरकले आणि ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

पुढची बाई आली. ताट सावरत तिनं वर बघितलं, मग आम्हा दोघींकडं. "हात कुठं गेला हो?"

पाच दिवस जिभेवर असलेलं उत्तर मला येईना. मी कल्पनाकडं वळून विचारलं, "काय सांगायचं गं?"